झील कोण धरणार? बँजो, टॅब्लेट आणि एकट्याची सुपारी



आजची नोंद भाताची नाही, भाजीचीही नाही. वाद्याची आहे. भात झोडून झालं, पेंढा रचून ठेवला, तुळशीचं लग्न लागलं की आमच्या काशीगाव, मीरागाव, घोडबंदर, चेणे या पट्ट्यात हळदींचा हंगाम सुरू होतो. शेतातला हात मोकळा होतो तेव्हाच वाजवणाऱ्याला काम येतं. त्यामुळे माझ्यासारख्या बँजोवाल्याचं वर्ष पहिल्यापासून दोन पिकांचं आहे.

गेली तीन वर्षं मी बऱ्याच ठिकाणी एकटाच वाजवतो. समोर बँजो, एक माइक, पायाशी पेडल आणि स्टँडवर टॅब्लेट. लोक जवळ येऊन टॅब्लेटमध्ये डोकावतात आणि हमखास विचारतात, "गाणी भरलेली आहेत ना यात?" नाहीत. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा तो डबा रिकामा असतो. एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो. त्या अपवादासाठीच खरं तर ही नोंद लिहायला घेतली.

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो. मी माइकसमोर घुंगरू घेऊन आठ मात्रा वाजवतो आणि पायाने पेडल दाबतो. टॅब्लेट तेवढा तुकडा धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तो फिरत असताना त्यावर मी टाळी देतो, तीही त्यात बसते. मग बँजोवर खर्जाचा एक सूर छेडतो, तोही फिरायला लागतो. आता तीन माणसं वाजवतायत असं वाटतं आणि माझे दोन्ही हात मोकळे होतात. मग त्यावर गाणं वाजवायचं किंवा गायचं. याला लाइव्ह लूपिंग म्हणतात. गाणं संपलं की सगळं पुसायचं, पुढच्या गाण्याला पाटी कोरी.

हे ऐकून कुणाला वाटेल की हे साहेबांच्या देशातलं खूळ. यंत्र तिकडचं आहे, हे खरं. टेरी रायली नावाच्या अमेरिकन संगीतकाराने १९६० च्या दशकात दोन टेपरेकॉर्डर जोडून आपलाच सूर मागून परत आणायची युक्ती केली. पुढे ते काम पायाच्या पेडलमध्ये आलं. २००४ साली के. टी. टनस्टॉल ही स्कॉटिश गायिका ब्रिटिश टीव्हीवर गिटार आणि असं एक पेडल घेऊन एकटीच उभी राहिली आणि त्या एका गाण्याने तिचं नाव झालं. एड शीरन तर गिटार आणि लूपच्या जोरावर मैदानंच्या मैदानं भरवतो. १६ मार्च २०२४ ला तो आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेला. टॅब्लेटवर हे काम करणारी ॲप नंतर आली. लूपी नावाची ॲप खास यासाठीच आहेत. ॲपलच्या गॅरेजबँडमध्ये २०१६ साली लाइव्ह लूप्स हा भाग आला.

पण काम आपल्याकडे जुनंच आहे. पोवाडा म्हणणारा शाहीर पुढे असतो आणि मागे झीलकरी. शाहीर कथा पुढे नेतो, झीलकरी तोच सूर, तेच शब्द पुन्हा पुन्हा धरून ठेवतात. शाहिराने श्वास घ्यायचा तो त्यांच्या भरवशावर. तबल्याचा एकल कार्यक्रम बघा. तबलजी तासभर काय काय वाजवतो, पण शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच लेहरा, एकच आवर्तन फिरवत बसलेला असतो. तो चुकला तर तबलजी गेला. आणि आपल्या डोंगराच्या पलीकडे, पालघर-जव्हारकडे तारपा. भोपळा आणि बांबूचं वाद्य, वाजवणारा एकटा, श्वास न तोडता वाजवतो आणि माणसांचं आख्खं कडं त्याच्याभोवती फिरतं. वासुदेव तर पहाटे दारात एकट्यानेच टाळ, चिपळ्या आणि गाणं सांभाळतो. तेव्हा एकट्याने वाजवणं नवं नाही, आणि एकाच गोष्टीवर फिरत राहणंही नवं नाही. नवं एवढंच की झील धरणारा माणूस होता तिथे आता काच आली.

आणि बँजो तरी कुठे आपला? ज्याला आपण मुंबईत, कोकणात बँजो म्हणतो तो मुळात जपानी. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे वाद्य १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलं. तिकडे त्याला ताईशोगोतो म्हणतात, उत्तरेत बुलबुल तरंग. आपल्याकडे त्याला तारेचा पिकअप लागला, भोंगा लागला आणि तो गोविंदा-गणपतीपासून हळदीपर्यंत सगळीकडे पोचला. रवी जाधवांनी २०१६ साली त्यावर 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला. त्यामुळे बाहेरचं यंत्र घेऊन त्याला आपल्या ठेक्यावर आणायची सवय आपल्याला आहेच.

आता मी एकटा का वाजवायला लागलो. आमचं आठ जणांचं पथक होतं. दोघं रात्रपाळीच्या नोकरीला लागले, एक वसईला राहायला गेला, एकाने रिक्षा घेतली. मोठी हळद असली की अजून जमतो. पण कामाची तऱ्हाही बदलली. काशीगावात आता मेट्रोचं स्टेशन आहे, हायवेच्या दोन्ही बाजूंना टॉवर आहेत. टॉवरमधल्या लोकांना कोजागरीला, कुणाच्या साठीला, गणपतीत एका संध्याकाळी गाणी हवी असतात, पण आठ माणसांचं पथक नको असतं. आवाजाचंही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर उघड्यावर भोंगा बंद. ढोल-ताशा ५५ मध्ये बसत नाही. एक माणूस, एक छोटा स्पीकर, दोन तास, हे बसतं.

सामानाचं सांगतो, कारण बरेच जण भेटले की तेच विचारतात.

टॅब्लेट वापरलेला घेतला. त्याला दोन वाटांचा ऑडिओ इंटरफेस. एका वाटेत बँजो थेट वायरने, दुसऱ्या वाटेत साधा डायनॅमिक माइक. बँजोला पिकअप असल्याचा मोठा फायदा हा की त्याच्या वाटेत बाहेरचा आवाज शिरत नाही. खरी गडबड माइकची. स्पीकरमधून लूप वाजतोय आणि त्याच वेळी मी माइकवर नवा थर भरतोय, तर स्पीकरचा आवाजही माइकमधून आत जातो आणि जुना थर पुन्हा भरला जातो. तीन फेऱ्यांत सगळ्याचा चिखल. यावर उपाय म्हणजे माइकची पाठ स्पीकरकडे. या माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. स्पीकर माझ्यापुढे, लोकांकडे तोंड करून, आणि मला स्वतःला ऐकायला कानात वायरचे बोंडके.

वायरचेच. इथे आकडे समजून घ्या. टॅब्लेट आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करतो. मी ॲपमध्ये २५६ तुकड्यांची टोपली ठेवतो, म्हणजे तेवढे भरले की पुढे जातात. त्याला लागतात साधारण ५.८ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, म्हणजे १२ च्या आसपास. १२ मिलिसेकंदांत आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाला चार मीटरवर बसलाय, असं समजा. तेवढं कुणालाही चालतं. पण ब्लूटूथचे बोंडके लावले तर उशीर १५०-२०० मिलिसेकंदांवर जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० ची. म्हणजे तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा मागे ऐकताय. त्यावर कुणी वाजवू शकत नाही. पेडल मात्र ब्लूटूथचं चालतं. त्यातून फक्त 'सुरू कर, बंद कर' एवढा हुकूम जातो आणि मात्रेवर नीट बसवायचं काम ॲप करतं.

पेडल घ्याच. शेतकऱ्याच्या बोटांना काच नीट ओळखत नाही. कातडं जाड, भेगा, घाम. भाजी काढून संध्याकाळी वाजवायला बसलो की बोट तीनदा टेकवावं लागतं. पाय मात्र पहिल्या फटक्यात लागतो.

उन्हाचं बघा. टॅब्लेटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ० ते ३५ अंशांत वापरा. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवाखाली ३५ कुठलं? यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला बंद पडतं. मी टॅब्लेट उभा ठेवतो, मागून हवा लागेल असा, आणि वर ओलं न केलेलं पांढरं उपरणं. ओलं नको, वाफ आत जाते. विमानाची खूण असते ती चालू ठेवायची, नाहीतर ऐन धृपदात कुणाचा तरी फोन येतो. पेडलसाठी ब्लूटूथ तेवढं परत चालू करायचं.

वीज गेली तर? आमच्याकडे फवारणीच्या पाठीवरच्या पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. माझ्या छोट्या स्पीकरला १२ व्होल्टची वाट आहे. हिशेब असा: १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॉट-तास. स्पीकर २० वॉट खातो. कागदावर पावणेपाच तास, पण ही बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून सव्वादोन तास धरा. कार्यक्रमाला पुरते. फवारणीच्या दिवसांत लग्नं नसतात, त्यामुळे भांडण होत नाही.

इथपर्यंत सामान. पण माझ्या मते या कामातला खरा प्रश्न एकच: काय फिरतं ठेवायचं आणि काय हातात ठेवायचं.

हळदीला ढोलकी कशी वाजते आठवा. कोळीगीताचा सहाचा ठेका सुरुवातीला आरामात असतो. नवरदेवाची मावशी नाचायला उठली की ढोलकीवाला जरा सरकवतो. मुलं आत घुसली की अजून. कुणी म्हातारं माणूस मध्ये आलं की परत खाली आणतो. हे कुणी त्याला सांगत नाही, तो पायांकडे बघून करतो. लूपला पाय दिसत नाहीत. पहिल्या मिनिटाला जी लय भरली तीच पंधराव्या मिनिटाला. ॲपमध्ये लय वाढवायची सोय असते, पण ती वाढवायची कधी हे बघणारा कुणीतरी लागतोच, आणि माझे डोळे बँजोच्या कळांवर असतात.

म्हणून माझा नियम असा बसला. झीलकऱ्याने जे धरलं असतं तेवढंच लूपला द्यायचं: खर्जाचा सूर, घुंगरू, टाळीचा सांगाडा, मागचा 'हो' किंवा 'आ'. जे माणसांकडे बघून बदलतं ते हातात ठेवायचं. मुख्य गाणं, ढोलकीचे जागेवरचे तुकडे, शब्द. आणि थर चारपेक्षा जास्त नाहीत. रोप दाट लावलं की कुठलंच आवं फुटत नाही, तसं पाचव्या थराला पहिल्याचा आवाज मरतो. बँजोचे दोन थर एकाच सप्तकात तर अजिबात नाहीत. एक खाली, एक वर, मधली जागा गळ्याला.

सांध्याकडे लक्ष द्या. चार सेकंदांचं आवर्तन आणि पाय जरासा उशिरा पडला, तर प्रत्येक फेरीला त्या एका जागी ठेका लंगडतो. ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते कळत नाही, पण नाचणाऱ्याचा पाय अडतो. खाचराच्या बांधाला एक खेकड्याचं बीळ असलं तरी पाणी तिथूनच जातं, तसं. म्हणून पहिला थर सगळ्यात साधा ठेवायचा आणि मात्रा कानात मोजत असतानाच भरायचा.

अजून एक. थर भरायला अर्धा मिनिट लागतं आणि तेवढा वेळ लोक थांबत नाहीत. मोठ्या मंचावर ते बघायला छान वाटतं, पण सोसायटीच्या गच्चीवर तेवढ्यात बटाटेवड्यांची रांग लागते. मग मी पहिला थर पोरांकडून घेतो. "चला, माझ्याबरोबर टाळी," असं म्हणून माइक त्यांच्याकडे करतो, आठ मात्रा, पेडल. आपलीच टाळी फिरून परत आली की पोरांचे डोळे मोठे होतात, आई-बाप वडे हातात घेऊन पुढे येतात. झील लोकांनीच धरली की गाणं लोकांचं होतं. त्या टाळ्या मी कार्यक्रम संपला की पुसतो. पोरं दुसऱ्याची आहेत, त्यांचे आवाज आपल्या डब्यात ठेवून काय करायचं?

आता तो अपवाद.

आमच्या पथकात ढोलकीला एक काका आहेत. चाळीस वर्षं वाजवतायत. गुडघे गेले, रात्रभर बसवत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, लावणी झाल्यावर, पडवीत बसून मी त्यांचे दोन ठेके भरून घेतले. एक केरवा, आठ मात्रांचा, आणि एक सहाचा. चार-चार आवर्तनांचे. त्यांनीच भरायला सांगितले. बोलले, "मी नाय आलो तरी ठेका नीट हवा. ते मशिनचं टकटक नको." बाजारात तयार तबल्याची ॲप आहेत, आणि चांगली आहेत. प्रसाद उपासनी यांचं आयतबलाप्रो रियाजाला बरेच शास्त्रीय गायक-वादक वापरतात. पण हळदीच्या ठेक्याला काकांच्या डाव्या हातात जी घुमक आहे ती आमच्या गावची आहे. ती भरल्यावर मी बँजो धरला तर मागे काकाच बसलेत असं वाटलं.

बैठकीच्या कार्यक्रमांना, जिथे कुणी नाचत नाही, तिथे मी तो ठेका वापरायला लागलो. मग एका ठिकाणच्या आयोजकांनी, जिथे काकांना घेऊन जायचं ठरलं होतं, मला फोन करून विचारलं, "त्यांचा ठेका आहे ना तुमच्या डब्यात, मग त्यांना कशाला आणताय? तुम्ही एकटेच या, बिदागी जरा कमी करू."

बोलणाऱ्याचा दोष नाही. त्याच्या खिशाला जे दिसलं ते तो बोलला. मी कामाला हो-नाही न म्हणता संध्याकाळी काकांकडे गेलो आणि जसं बोलणं झालं तसं सांगितलं. त्यांनी आधी चहा सांगितला. मग विचारलं, "आपल्या पथकात वाटे कसे पडतात?"

वाटे मला माहीत होते, तुम्हाला सांगतो. आठ माणसांचे आठ वाटे आणि सामानाचे दोन, असे दहा. सामान म्हणजे स्पीकर, बँजो, ढोल, टेम्पोचं भाडं. उत्तनच्या होडीवर जसा होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघतो, तसंच. होडी मासे पकडत नाही, पण तिच्याशिवाय मासे नाहीत.

काका बोलले, "बरोबर. आता तुज्या डब्यात माजा हात हाय. तो सामान का मानूस?"

मला उत्तर देता आलं नाही. सामान म्हटलं तर तो माझा वाटा, कारण टॅब्लेट माझा. माणूस म्हटलं तर माणूस घरी बसलाय आणि त्याचा हात गच्चीवर वाजतोय. त्या हातात त्यांची चाळीस वर्षं आहेत, मी फक्त पेडल दाबलं. पण मी ते ओझं उचलून नेतो, जागतो, हेही खरं.

दोघांनी बसून हिशेब केला. एकट्याच्या सुपारीचे दोन वाटे: एक माझा, एक सामानाचा. ज्या कार्यक्रमात काकांचा ठेका वाजेल तिथे अर्धा वाटा काकांचा. म्हणजे पाच हजारांची सुपारी असेल तर अडीच वाटे, दोन हजार माझे, दोन हजार सामानाचे, एक हजार काकांचे. नाचायचा कार्यक्रम असेल तर ठेका डब्यातून वाजवायचा नाही, काका किंवा त्यांचा पुतण्या स्वतः येणार, पूर्ण वाट्याने. आणि तो ठेका मी दुसऱ्या कुणाला फोनवर पाठवणार नाही. हे वहीत लिहिलं, दोघांच्या सह्या. काका हसले, "सातबारा झाला."

आयोजकांना मी सांगितलं की काका असतील तर पथकाचा दर, काका नसून त्यांचा ठेका असेल तर एकट्याचा दर, पण त्यात त्यांचा वाटा धरलेला आहे, त्यामुळे कमी होणार नाही. त्यांनी जरा विचार केला आणि काकांनाच बोलावलं. दुसऱ्या एका ठिकाणी नाही म्हणाले, ते काम गेलं. जायचंच.

काकांनी त्यांचा हिशेब मांडला, पण सगळ्याचाच हिशेब होत नाही, हेही या तीन वर्षांत कळलं. आमच्याकडच्या लग्नांत धवलारीण असते. ती धवले गाते, लग्नाचे विधी तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतात. आता अशा बायका कमी राहिल्या. एका घरच्या मुलाने मला सुचवलं की आजींचा आवाज भरून घे, लूप कर, मागे बँजो लाव, भारी वाटेल. मी आजींना टॅब्लेट दाखवला, आधी माझाच आवाज भरून, फिरवून ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग बोलल्या, "मी गाते ते त्या नवऱ्याचं नाव घेऊन गाते. दुसरा नवरा बसला तर त्याच्यासाठी परत गाईन. त्याला पयल्याचं कशाला?"

यात वाट्याची गोष्टच नाही. तो आवाज एका माणसाला, एका वेळेला दिलेला आहे. तो फिरवला की त्याचा अर्थ जातो. आजींचं गाणं जपून ठेवण्यासाठी ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ते वेगळं, त्यांच्या घरच्यांनी त्यांना विचारून जरूर करावं. माझ्या डब्यात ते नाही. त्या गात असतात तेव्हा मी बँजोची वायर काढून ठेवतो.

तर मंडळी, कुणाला हे सुरू करायचं असेल तर माझा सल्ला. आधी महिनाभर फक्त एक थर भरायचा सराव करा, आठ मात्रा, सांधा जुळेपर्यंत. मग दोन. फुकटातलं ॲप चालेल, महागाच्या मागे लागू नका. वायर चांगली घ्या, पैसे तिथे घाला. दर गाण्याआधी बँजो लावून घ्या, उन्हाने तार उतरते आणि आधी भरलेला सूर मात्र तिथेच राहतो. आणि ज्याचा हात, ज्याचा गळा डब्यात ठेवाल, त्याच्याशी आधी बसून बोला. वही काढा.

या हंगामात माझ्याकडे चार बैठकीची कामं आहेत आणि तीन हळदी. हळदींना काकांचा पुतण्या येतोय, काका खुर्चीत बसून त्याच्या डाव्या हाताकडे बघणार आहेत. त्याला ताशाही शिकायचाय. कुणाकडे जुना तांब्याचा ताशा पडून असेल, कातडं फाटलेलं असलं तरी चालेल, तर कळवा. मढवायचा खर्च आम्ही करू. तो लूपमध्ये भरायचा माझा विचार नाही.